टाचेत उमटलेली जमीन

मोचे, ७ जुलै

फेब्रुवारीपासून या वहीत मी एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल जो कोणी हे वाचेल त्याची माफी मागते. रोज लिहिणाऱ्या बाईने इतके महिने गप्प राहावं याला कारण आहे. लिहिलं की ते खरं ठरेल, अशी भीती वाटत होती. आता न लिहूनही ते खरं ठरलं आहे.

मी, नेलिदा उआमानचुमो, वय सेहेचाळीस, अविवाहित, राहणार मोचे, सरकारी शाळेत इतिहासाची शिक्षिका आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या गच्चीवर मारिनेरा नाच शिकवणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचं दडपण नाही. बुद्धी शाबूत आहे. मन स्थिर आहे असं मात्र लिहिणार नाही, ते खोटं होईल. माझ्या डाव्या टाचेत मेलानोमा, म्हणजे कातडीचा कर्करोग आहे. राजधानी लिमातल्या मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती. ती पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा गेली. रोग टाचेतच थांबला आहे की वर चढला, हे तिथे गेल्याशिवाय कळणार नाही. मला भीती आहे ती त्या चढण्याची. झोपले तरी तो चढत असेल, फळ्यावर लिहिताना चढत असेल, हे वाक्य पुरं होईपर्यंतही.

असो. वाटणीकडे वळते.

पहिलं कलम. राहतं घर माझी थोरली बहीण देल्फिना हिला मिळावं. गच्चीवर मात्र माझी जुनी विद्यार्थिनी मारिसिएलो हिने, तिला हवं तोवर, नाच शिकवावा. ताई, तू तिथे कपडे खुशाल वाळत घाल, पण शनिवारी दोऱ्या सोडून ठेव. मुली गिरकी घेताना गळ्यात अडकतात.

दुसरं. शिक्षकांच्या पतपेढीतली शिल्लक ताईलाच. माझ्या आजारपणातून जे शिल्लक राहील ते. राहिलं नाही तर तिने मनाला लावून घेऊ नये.

तिसरं. घेराचे सगळे परकर, भरतकामाचे झगे आणि रुमाल मारिसिएलोला. लाल झग्याला बगलेत रफू आहे, ते प्रेक्षकांना दिसत नाही.

चौथं. सोन्याच्या तारकामाची कानातली एतेल्विनाबाईंना परत द्यावीत. ती त्यांनीच मला दिली होती, मी पहिल्यांदा स्पर्धा जिंकले तेव्हा. बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. मला नाच त्यांनी शिकवला, आणि पायही त्यांनीच घडवले. मारिनेरात पुरुष बूट घालून नाचतो, बाई अनवाणी. तळवे मऊ असतील तर जानेवारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्याच्या, उन्हात तापलेल्या फरशीवर दुसऱ्या कडव्यालाच ती लंगडते. म्हणून बाई आम्हाला भर दुपारी डांबरी रस्त्यावर चालवत, आणि परतल्यावर ओळीत बसवून म्हणत, "दाखवा तळवे." ज्या मुलीचा तळवा जास्त काळा आणि टणक, तिला आधी चिचा, म्हणजे मक्याचं थंड पेय, प्यायला मिळे. मीही माझ्या मुलींना तसंच शिकवलं.

दोन वर्षांपूर्वी टाचेवर डाग दिसला, डाळिंबाच्या दाण्याएवढा, कडा पसरलेल्या. मी तो बाईंनाच आधी दाखवला. घाबरून नव्हे, मिरवायला.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "जमीन उमटली की तुझ्या टाचेत. मला आयुष्यभर नाचून नाही मिळाली ती."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले.

बाईंना मी दोष देते का? गेले कित्येक दिवस स्वतःला विचारते आहे. देत नाही, असं एका दमात लिहिता येत नाही. पण ज्या बाईने तो डाग पाहिला तिच्या डोळ्यांत प्रेम होतं, आणि प्रेमाने पाहणाऱ्याला तो तसाच दिसला असता. कानातली परत देताना ताईने हे त्यांना वाचून दाखवू नये.

पाचवं. मोठा ध्वनिवर्धक विल्मेरला द्यावा. विल्मेर म्हणजे माझा नाचातला जोडीदार; बारा स्पर्धा आम्ही एकत्र नाचलो. ध्वनिवर्धक दोघांच्या पैशांतून घेतला असं तो सांगतो. नाही घेतला. तरी द्यावा, वायर त्याची त्याने आणावी. मी लंगडायला लागले तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "काय गं, म्हातारी झालीस का? की दुसऱ्या गावात जोडीदार बघून ठेवलास?" सगळे हसले. पुढच्याच महिन्यात त्याने नवी जोडीदारीण आणली. ती चांगली नाचते, हेही लिहायला हवं.

सहावं कलम मालमत्तेचं नाही. पण मी इतिहास शिकवते, तेव्हा क्रम लिहून ठेवते. बाजारात पाय साफ करणाऱ्या बाईने तो डाग कुरूप समजून तासला. रक्त थांबेना तेव्हा आरोग्य केंद्रात गेले. तिथला डॉक्टर पोरसवदा, सभ्य, दमलेला.

"मॅडम, तुम्ही अनवाणी नाचता ना? मग चामखीळ यायचीच."

"काळी चामखीळ?"

"धूळ बसते आत."

त्याने ती औषधाने जाळली. भरली नाही, पुन्हा जाळली. मग जखम भरत नाही म्हणजे मधुमेह, म्हणून रक्त तपासलं. साखर उत्तम निघाली. त्याचा मला आनंद झाला, आणि मी गेल्या वर्षी जानेवारीच्या स्पर्धेत पट्टी बांधून नाचले. मग जवळच्या ट्रुहियो शहरातल्या इस्पितळात कातडीच्या डॉक्टरीणबाईंची वेळ मिळायला महिने गेले, मध्ये संप झाला. त्यांनी भिंग लावून पाहिलं, फोटो काढला आणि तपासणीसाठी तुकडा कापून घेतला. तो लिमाला गेला आणि कागदावर शिक्का नाही म्हणून परत आला. पुन्हा गेला. निदान हातात आलं ते या फेब्रुवारीत.

यातला एकही माणूस वाईट नव्हता. प्रत्येकाकडे एक समजूतदार कारण होतं, आणि प्रत्येक कारण मला पटलं. सगळ्यांत जास्त घाबरवतं ते हेच.

सातवं. पाय कापावा लागला तर तो इस्पितळात टाकून येऊ नये. रीतसर परवानगीचा कागद करून आईच्या कबरीच्या कोनाड्यात ठेवावा. कोणी हे कलम वगळू नये म्हणून पुन्हा लिहिते: आईपाशी ठेवावा.

आठवं. परसातले गिनीपिग शेजारच्या ओब्दुलियाला. ती खाणारच, इथे सगळेच खातात, त्याला माझी हरकत नाही.

नववं. डॉक्टरीणबाईंनी काढलेला माझ्या टाचेचा फोटो मोठा करून गच्चीच्या भिंतीवर लावावा. मारिसिएलोने दर महिन्याला मुलींचे पाय साबणाने धुऊन घ्यावेत आणि मगच पाहावेत. घट्टे किती टणक आहेत यासाठी नव्हे. काही काळं राहिलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे. मुली कंटाळतील. कंटाळू देत.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, असं वकील म्हणाला. तरी मी ओब्दुलियाला आणि पलीकडच्या घरातल्या कासिमिरोकाकांना बोलावलं. एकटीने सही करवेना.

काका चष्मा पुसत म्हणाले, "मी पंचाहत्तरचा. तुझ्याआधी गेलो तर ही सही चालेल का पोरी?"

"काका, मेलेल्यांच्या सह्यांवरच चालतो हा तालुका," ओब्दुलिया म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "तू अशी पांढरी का पडलीस गं?"

सांगायचं नव्हतं. सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी रोज जांघ चाचपून बघायला शिकवलं होतं. आज सकाळी अंघोळीत बोटाखाली काहीतरी आलं. वाटाण्याएवढं, घट्ट, न दुखणारं.

काका लगेच म्हणाले, "अवधाण असेल. पायाला जखम असली की जांघेत गाठ येतेच. मासेमारीचं जाळं टाकताना माझा पाय कापला तेव्हा मलाही आली होती. मीठ-पाण्याने शेक."

मला केवढा धीर आला! खरंच, पायाला जखम आहेच, गाठ येणारच. शेकून बघू, तारीख येईपर्यंत थांबू. आणि मग माझ्याच लक्षात आलं, की हे कारणसुद्धा मला पटलं.

ओब्दुलियाने मला आतल्या खोलीत नेलं, हात पुसले आणि चाचपून पाहिलं.

"दुखतं?"

"नाही."

"काकांची दुखत होती, विचार त्यांना." तिने माझा परकर नीट केला. "तारीख कधीची आहे?"

"कळवतील म्हणाले."

"मग कळवू देत त्यांना, तू त्यांच्या दारात बसलेली असताना. मी येते बरोबर. डबा घेऊ, बसू पायरीवर. हाकलतात का बघू."

"वेळ न घेता कसं जायचं?"

"बसने," ती म्हणाली.

बाहेर काकांनी पेन हातात धरून विचारलं, "मग, सही करायची की नाही?"

करायची, म्हटलं. दोन्ही करायचं.

वरील सर्व मजकूर माझ्या अक्षरातला असून मी तो दोन शेजाऱ्यांसमोर वाचून दाखवला आहे. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. हे उघडण्याची वेळ लवकर न यावी, अशी माझी कायद्याबाहेरची इच्छा आहे.

सही: नेलिदा उआमानचुमो
साक्षीदार: कासिमिरो असाबाचे, मासेमार, निवृत्त
साक्षीदार: ओब्दुलिया नीके, शेजारीण
ठिकाण: मोचे. दिनांक: ७ जुलै

उद्या: लिमाची पहिली बस पकडायची, तारीख नसली तरी.