तिसऱ्या रांगेतला लाल दिवा

४ फेब्रुवारी

नात आली! दोन पिशव्या भरून वायरी घेऊन. जेवणाच्या टेबलावर तिचं मशीन मांडलं आणि मलाच दम — "आजी, आठवडाभर इथं ताट ठेवायचं नाही." नाही ठेवत बाई, मांडीवर घेऊन जेवते! घर कधीचं मुकं झालं होतं.

ह्यांच्या गाण्याच्या शेवटच्या कार्यक्रमाची टेप तिला मिळाली. साउंडवाले गेले, त्यांच्या माळ्यावरच्या खोक्यात होती म्हणे. माइकमधून वायरीनं थेट त्यांच्या मशीनमध्ये उतरलेलं गाणं. माझी टेप वेगळी — मी तिसऱ्या रांगेत बसून, मांडीवर रेकॉर्डर ठेवून भरलेली. आता दोन्ही एकात एक बसवायच्या आणि घरात सगळ्यांना द्यायच्या.

माझी टेप मी तीस वर्षांत एकदाही लावली नाही. हे तिला बोलले नाही.

५ फेब्रुवारी

ऐकलं. साउंडवाल्यांच्या टेपमध्ये हे अगदी कानाशी! पण रिकाम्या पिंपात तोंड घालून गायल्यासारखे. माणूस म्हणून नाही कुठे. माझ्या टेपमध्ये हे लांब, आणि खोकले, खुर्च्या, कुणाचं तरी पोर भोकाड पसरलेलं. नात म्हणते, "त्यांच्याकडे गळा आहे, तुझ्याकडे माणसं आहेत." बोलते छान. आईवर नाही गेली.

पण दोन्ही एकत्र लावल्या की हे दोन-दोनदा गातात! माझा रेकॉर्डर मरतुकड्या सेलवर रखडत चाललेला. पहिलं गाणं जुळतं, तिसऱ्यापर्यंत घसरतं. शिवाय "वायरीनं आवाज लगेच पोचतो आजी, तुझ्यापर्यंत हवेतून यायचा. जरासा उशिरा." म्हटलं, म्हणजे एक बाही लांब! मी जन्मभर ब्लाउज शिवले. चौकड्याच्या कापडाला रेघेला रेघ जुळवावीच लागते, नाहीतर बाई घालून परत येते भांडायला. नात इतकी हसली की चहा सांडला. वायरीवर नाही, नशीब.

६ फेब्रुवारी

तिला सर्दी. काम बंद. मला उगाच हुरहूर.

७ फेब्रुवारी

आज ओरडा खाल्ला. "आजी, प्रत्येक गाण्यानंतरच्या टाळ्या कापल्यास गं!" काय करू, टेप पुरायला हवी. गाणं संपलं की खट्ट — बंद. पुढचं सुरू झालं की खट्ट — चालू. शेवटी शेवटी हात आपोआपच जायचा.

रेकॉर्डरला लाल दिवा होता, टिकलीएवढा. टेप भरत असली तरच पेटायचा. स्टेजवर डोळ्यांवर झोत, समोर सगळा काळोख. हे म्हणायचे, "बाकी काही दिसत नाही. तुझा तेवढा दिवा दिसतो. तो दिसला की मी निर्धास्त."



८ फेब्रुवारी

सांगून टाकलं. म्हटलं, शेवटचं गाणं घेऊ नकोस. त्यात ह्यांचा आवाज फाटला. भरल्या सभेत. मला ऐकवेना, म्हणून मी टेप बंद केली. तेवढी एक लाज राखली मी त्यांची.

नातीनं विचारलं, "आजोबा काही बोलले नंतर?" काय बोलणार! घरी येताना एवढंच — "कंटाळलीस का गं?" मी म्हटलं, हो, पाठ दुखत होती. मुद्दामच. त्यांच्या गळ्याचा विषय नको म्हणून. नवव्या दिवशी हे गेले. तो विषय तिथंच राहिला.

"एकदा जुळवून तर बघते," म्हणाली. हट्टी. माझ्यावर गेली.

१० फेब्रुवारी

जुळलं. रेघेला रेघ.

मशीनच्या पडद्यावर वर साउंडवाल्यांच्या टेपची पट्टी, खाली माझ्या टेपची. शेवटच्या ओळीआधी हे थांबतात. दम घेत होते — छातीत तेव्हाच काही असेल. आणि माझी पट्टी तिथंच संपते. खट्ट.

माझ्या टेपवर आवाज फाटतच नाही!

वरची पट्टी पुढे जाते. चार सेकंद शांत. नातीनं बोटावर मोजून दाखवले. मग ओळ उचलतात, आणि मग फाटतो.

मला वाटलं असणार गाणं संपलं. सवयीनं हात गेला असणार. आणि तीस वर्षं मी उलटं धरून बसले. आधी मी. मग ते. "परत लाव," म्हटलं. सहादा लावलं. सहाही वेळा तसंच.

फाटल्यावर हे माइकपासून तोंड फिरवून पेटीवाल्यांना काहीतरी पुटपुटतात. शब्द लागत नाहीत. नात म्हणते, उद्या मोठं करून बघते.



११ फेब्रुवारी

लागलं. विचारतात — "गेली का ती?"

तिथंच होते हो. तिसऱ्या रांगेत.