पाणी न सांडता

तळोदे, जिल्हा धुळे
फेब्रुवारी १९६३

स्वस्ति श्री बालमानसशास्त्रपारंगत, पाश्चात्त्यविद्यापीठपदवीविभूषित, शिशुकल्याणसमितिभूषण, बालवाडीमानदंडप्रवर्तक, चर्चासत्रचूडामणी, राजमान्य राजश्री डॉक्टर विद्याधरपंत यांच्या चरणकमळी (पुण्याच्या हवेत ती अद्याप कमळेच असतील, इकडच्या धुळीत चरणांची केवळ ढेकळे होतात) सातपुड्याच्या पायथ्याशी निक्षिप्त, बालवाडी-पर्यवेक्षक या क्षुद्र उपाधीने ग्रस्त अशा त्र्यंबकाचे साष्टांग दंडवत.

प्रिय विद्याधर,

वरील मंगलाचरणाने तुझ्या ओठांची एक कड वर गेली असेल, तर तिला तिथेच विश्रांती घेऊ दे. पुढे तिला काम नाही. आमची बालसेविका जसोदाबाई हिच्यावर होळीनंतर खटला दाखल होणार आहे. तिच्या बालवाडीत चार वर्षांची एक मुलगी विषारी पाण्याने दगावली, हे तुला सरकारी कागदावरून कळले आहेच, आणि त्या कागदाला तू दिलेले उत्तर मजपर्यंतही पोचले आहे. त्याचा परामर्श यथावकाश घेईन. तूर्त एवढे ध्यानी धर की होळीपूर्वी एक गोष्ट घडली नाही, तर ही बाई तुरुंगात जाईल. ती गोष्ट कोणती, हे सांगण्यासाठी मला थोडे मागून यावे लागेल. तू परदेशी शिकलेला. सरळ सांगितलेले तुला कधीच पटले नाही.

तुझे ‘बालविकासाचे मानदंड’ इकडे प्रथम आले, तेव्हा मी पुस्तकाला हळदकुंकू वाहिले होते. हे विनोदाने लिहीत नाही. तोवर आमच्या बालवाड्यांचा अभ्यासक्रम म्हणजे प्रार्थना, दुधाच्या भुकटीचे वाटप आणि दुग्धपानानंतरची सार्वत्रिक निद्रा. तुझ्या पुस्तकाने पहिल्यांदा विचारले की वर्षाअखेर हे बालक काय करू शकेल, आणि त्यासाठी आज आपण काय करावे. प्रश्न उत्तम होता, आजही आहे. मग मी आणि जसोदाबाई वर्षाची आखणी करू लागलो. डाव्या बाजूस तुझा मानदंड, उजव्या बाजूस त्या महिन्याचा पाठ. ‘साडेतीन वर्षांचे बालक पाय बदलत जिना उतरते’ या वाक्यापाशी आमची प्रगती खुंटली, कारण पंचक्रोशीत जिनाच नव्हता. बाईने कापसाच्या गाठोड्यांच्या पायऱ्या रचल्या. पोरे पाय बदलत उतरली. एकदोघे मधल्या पायरीवरच निद्रिस्त झाली.

जसोदाबाई म्हणजे तापीकाठच्या गावची विधवा, घरी अहिराणी बोलणारी, प्रशिक्षण तीन महिन्यांचे आणि श्रद्धा सात जन्मांची. पुस्तकमा लिखेल शे म्हनजे व्हवालेच पाहिजे, भाऊसाहेब, हे तिचे उपनिषद. एकदा मी थट्टेने विचारले की बाई, सूर्य पश्चिमेस उगवतो असे छापून आले तर काय कराल? क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, मंग पोरेस्ले तिकडे तोंड करीसन बसाडसू. मी हसलो. ती हसली नाही. तिच्या मते हा व्यवस्थेचा प्रश्न होता आणि तिने तो सोडवला होता.

आता इकडची एक रीत सांगतो, कारण तुझ्या ग्रंथात तिला स्थान नाही. दिवाळी सरली की मोलगी गावाच्या वरच्या डोंगरातील माणसे कापूस वेचायला खाली तापीकाठी उतरतात, ती होळीलाच परत जातात. माता कापसात, पिता कापसात, आणि बालके बांधावर. डोंगरातली आमची बालवाडी तेवढे महिने ओस पडे, आणि मानदंडांची कसोटी घ्यायची वेळ येई नेमकी तेव्हाच. म्हणून आम्ही बालवाडीच बांधावर आणली. चुनीलाल पाटील नावाच्या गुजर शेतकऱ्याने लिंबाखालची जागा आणि कडब्याचा आडोसा दिला. माणूस वाईट नाही. एवढेच की कपाशीवर फवारायचे औषध तो जिथे ठेवी, ते खोपटे तिथून हाकेच्या अंतरावर होते.

त्या महिन्याचा मानदंड तुला पाठ असेल, तुझाच आहे. ‘चौथे वर्ष पूर्ण करणाऱ्या बालकाने एका पात्रातून दुसऱ्या पात्रात पाणी न सांडता ओतावे व स्वतः घेऊन प्यावे.’ हे वाचताना मला नाशिकच्या ट्रेनिंग कॉलेजातली आपली खानावळ आठवली. बाविसाव्या वर्षी तू आमटी वाढायला घेतलीस की तुझ्या डावीउजवीकडची मंडळी धोतर सावरून उठत. आपल्या पंगतीतल्या कृष्णाजीच्या मांडीवरचा तो डाग त्याच्या लग्नातही गेला नव्हता. तुझ्याच मानदंडाने मोजले असते, तर तू अद्याप बालवाडीत असतास, आणि माझी खात्री आहे की जसोदाबाईने तुला उत्तीर्ण केल्यावाचून सोडले नसते.

पात्रांची मागणी मी दोन वर्षांपूर्वी केली होती. उत्तर आले ते तुझ्याच ग्रंथातील वाक्य उद्धृत करून: ‘महाग साधनांवाचून अडू नये; स्थानिक साहित्याचा कल्पक उपयोग करावा.’ बाईने प्रथम वाळलेली तुंबडी कापून पाहिली. ती लवंडत. मातीची बोळकी फुटली. शिवाय ‘पात्रे समान आकाराची असावीत’ असे पुढेच लिहिलेले. समान आकाराची, न लवंडणारी, न फुटणारी पात्रे त्या शिवारात एकाच ठिकाणी, औषधाच्या खोपट्यात, होती. चुनीलालने मागाहून सांगितले, डबा तं फेकानाच व्हतात, बाई मांगे लागनी म्हनीसन दिधात. बाईने ते राखेने घासले, उन्हात वाळवले, पुन्हा घासले. डबा धुई धुई मन्हा हात सोलाई ग्यात, असे ती मला अभिमानाने सांगत होती. वास राहिला नव्हता. बुडाशी पत्रा दुमडलेला असतो, त्या दुमडीत राख जात नाही आणि हातही जात नाही.

पहिले काही दिवस तुझ्या क्रमानुसार वाळू ओतली. मग पाणी. खात्या आणि ठुमली या डोंगरातल्या जोडप्याची मुलगी मोगी, देवमोगरा देवीच्या नावाची, सर्वांत चिवट. जीभ दातांत धरून ओतायची. थेंब सांडला की पुन्हा पहिल्यापासून. ‘यशाचे तत्काळ कौतुक करावे’ असे तू लिहिले आहेस. म्हणून बाईने ठरवले की जो प्रथम न सांडता ओतेल, त्याला सर्वांआधी पाणी पिण्याचा मान. मोगीने ओतले. एक थेंब खाली गेला नाही. तिने डबा दोन्ही हातांनी उचलला, सगळ्यांकडे पाहिले, आणि मानाचे पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. तिच्यामागोमाग प्यायलेल्या दोघांना ओकाऱ्या झाल्या, ते वाचले. मोगीला चुनीलालने स्वतः गाडी जुंपून दवाखान्याकडे नेले. बैल पळवले, तरी वाटेतच तिचे झटके थांबले. गाडीत बसलेल्या ठुमलीने मांडीवरच्या मोगीला खाली ठेवले नाही, आणि ती रडलीही नाही. तिने चुनीलालला गाडी हळू हाकायला सांगितले, कारण आता घाई नव्हती.

येथे तुझ्या उत्तराचा परामर्श घेतो. तू लिहितोस की ‘स्थानिक साहित्य’ या पदाने तुला बिया, पाने, शंखशिंपले अभिप्रेत होते, आणि प्रस्तुत घटना कार्यवाहीतील दोष होय. मित्रा, तापीच्या वाळूत शंख सापडला तर त्यात पाणी किती मावेल, हा भाग सोडून देऊ. तुझे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, न्यायदृष्ट्याही असावे. त्याच कागदाच्या आधारे आता वरिष्ठ म्हणतात की दोष बाईचा. बाई स्वतःही तेच म्हणते. ती दुसरे काहीच म्हणत नाही. परवा तिच्या घरी गेलो, तर तुझे पुस्तक फडक्यात बांधून देव्हाऱ्याखाली ठेवलेले. मी ते मागितले. तिने दिले नाही; तिला ते पुन्हा वाचायचे होते. म्हणाली, भाऊसाहेब, आखो वाचसू. कोठे चुकनू ते दखसू.

फौजदार वाईट मनुष्य नाही. तो म्हणतो, मुलीच्या आईबापांनी अपघात झाला असे सांगितले तर मी अपघात लिहीन. पण खात्या पोलिसांपुढे तोंड उघडत नाही. त्यांच्यात रीत अशी की मृत्यूत ज्याचा ज्याचा हात लागला, तो प्रत्येकजण पंचांपुढे येऊन बसतो, काय केले ते स्वतःच्या तोंडाने सांगतो, आणि आईबापांना आपल्या हाताने ओतून पाजतो. सगळ्यांचे पिऊन झाले की पंच उठतो. मग वैर नाही, आणि त्यानंतर कोणी त्या गोष्टीवरून बोट दाखवू शकत नाही. पंच उठेपर्यंत मात्र आईबाप त्याविषयी परक्याशी अक्षर बोलत नाहीत. एरवी हे मोहाच्या दारूने होते. माझ्यासारख्या सरकारी मनुष्याला दारूबंदीच्या काळात संकटात टाकू नये म्हणून यंदा पाण्यावर भागवू, असे पंचांचा म्हातारा म्होरक्या जालमसिंग याने मला इतक्या सौजन्याने सांगितले की मलाच लाज वाटली.

पंच त्याच लिंबाखाली बसला. जालमसिंगने विचारले, डबा कोणाचा? चुनीलाल म्हणाला, माझा. त्याने ओतले. डबा पोरांपुढे कोणी ठेवला? बाई पुढे झाली. तिने ओतले, पण अर्धे पाणी ठुमलीच्या ओच्यात गेले. ठुमलीने ते पुसले नाही; उरलेले प्यायली. मग म्हातारा माझ्याकडे वळला. पोरांना पाणी ओतायला शिकव, असे बाईला कोणी सांगितले? मी सांगितले, म्हणालो. सही माझी होती, पाठ माझ्यासमोर ठरला होता. मीही ओतले. मला वाटले, आता संपले. जालमसिंग बसूनच राहिला.

त्याने विचारले, आणि तुला कोणी सांगितले?

मी म्हणालो, पुस्तक आहे. तो म्हणाला, पुस्तक पाणी ओतते काय? मी म्हणालो, पुस्तक लिहिणारा पुण्यात असतो, मोठा माणूस आहे. तो म्हणाला, मोठा आहे तर चालत ये म्हणत नाही, मोटारीने येऊ दे. पंचांतले दोघे हसले. मग म्हातारा त्यांना पुढे हसू न देता म्हणाला, त्याने काही वाईट केले असे आम्ही म्हणत नाही. त्याचा हात लागला एवढेच. तो येईपर्यंत आम्ही उठत नाही. आणि खरोखर, विद्याधर, पंच उठलेला नाही. माणसे दिवसा कापूस वेचतात, सांजेला लिंबाखाली येऊन बसतात, तुझी वाट पाहतात, आणि निघून जातात. चौथ्या माणसाची जागा त्यांनी झाडून ठेवली आहे. होळीला ती सारी डोंगरात परततील. मग खात्या बोलणार नाही, फौजदार अपघात लिहिणार नाही, आणि जसोदाबाई तुझे पुस्तक घेऊन न्यायालयात उभी राहील व जे विचारतील त्याला हो म्हणेल.

तर हे पत्र म्हणजे, प्रारंभीच्या बिरुदावलीसह, पंचांचे बोलावणे आहे. तुझ्या सर्व उपाध्या मी मुद्दाम वर लिहून टाकल्या, की त्या पुण्यातच ठेवून तुला रिकाम्या हाताने येता यावे. भाषण नको. खुलासा नको, तो कागदावर आहे आणि कागद त्यांना वाचता येत नाही. ग्रंथ मागे घे असेही मी म्हणत नाही. त्यातला प्रश्न मला अजून हवा आहे, उद्याच्या पोरांसाठी हवा आहे. धुळ्यास उतर, तेथून तळोद्याची मोटार धर. मी स्टँडवर असेन. लिंबाखाली बस. मी लिहिले, एवढे म्हण. खात्याला आणि ठुमलीला आपल्या हाताने पाणी ओतून दे. सांडले तरी चालेल. तो मानदंड तिथे कोणी लावणार नाही.

तुझाच,
त्र्यंबक

ता. क. : मागणी केलेली पात्रे काल आली. पेले बरे आहेत. पण ज्यांतून ओतायचे त्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, जगांना चोचच काढलेली नाही. ओतू गेले की पाणी बाहेरच्या अंगाने ओघळून थेट कोपरापर्यंत येते. भांडारपाल म्हणतो, नमुना वरून मंजूर आहे, परत घ्यायचा अधिकार मला नाही. परत पाठवायचे तर मोटारवाला लगेजचे वेगळे मागतो, आणि ते खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली दाखवावे हे धुळ्याच्या कार्यालयालाही ठाऊक नाही. सध्या सगळे माझ्या खाटेखाली आहेत आणि रात्री पाय लागला की वाजतात.