चार गाठींची दोरी

कोल्हापूर,
दि. ११ एप्रिल २०२५

चि. शबनम हिस अब्बांचे अनेक आशीर्वाद व दुवा.

इकडे मी ठीक आहे. फोनवर तू बोलत राहतेस, मी हं हं करतो, आणि नंतर तू सगळ्यांना सांगतेस की अब्बांनी मान्य केलं. म्हणून हे लेखी देतो. मी काहीही मान्य केलेलं नाही.

काल दुपारी दुकानाची दोन माणसं टेम्पोतून फ्रीज घेऊन आली. मला काही कल्पना नाही. फ्रीज दोन दारांचा, माझ्या खांद्याच्या वर जाणारा. आपलं स्वयंपाकघर सात बाय सहा, हे तुला सांगायला नको. ओटा, मांडणी आणि पाण्याचं पिंप सोडलं की एक माणूस मावतो, तोही तिरका. कुठे ठेवणार असं विचारलं, तर त्यातला एक खिडकीखालच्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाला, "काका, ही जागा रिकामीच हाय की." आणि तिथला पाट त्याने पायाने बाजूला सारला. पायाने.

मी आजवर कुणाला घराबाहेर काढलं नव्हतं. काल काढलं.

ती जागा रिकामी नाही. चौतीस वर्षं तुझी अम्मी तिथे बसून भाजी चिरत होती, भाकऱ्या थापत होती. कारखान्यातून आलो की मी उंबऱ्यात बसून चहा घ्यायचो आणि ती तिथून दिवसभराचं सांगायची. मी अजून उंबऱ्यातच चहा घेतो. जानेवारीत माणूस गेलं आणि एप्रिलमध्ये तिथे पत्र्याचं कपाट उभं करायचं? ईदला आलीस तेव्हा टेप घेऊन खाली बसली होतीस ती कशासाठी, हे मला आता कळलं.

शिवाय त्या कोपऱ्यात प्लग नाही. जास्तीचा प्लग आहे तो मांडणीच्या मागे. वायरिंग बदललं तेव्हा अम्मीने हट्टाने बसवून घेतला. तिथे प्लग कशाला म्हणून मी तिला बोललोही होतो. त्याचा आजवर कुणाला उपयोग झाला नाही.

जावईबापूंना सलाम सांग. तू राग मानू नकोस. मला मात्र आलेला आहे.

तुझे,
अब्बा


पुणे,
दि. १६ एप्रिल २०२५

ती. अब्बांना शबनमचा सलाम, वि. वि.

पत्र पोचलं. दोन दिवस मुद्दाम उत्तर लिहिलं नाही, वाईट लिहिलं गेलं असतं. तरी ते जाणारच आहे असं दिसतं.

तुम्हाला दिवसातून दोनदा इन्सुलिन लागतं. ते शेजारच्या शालूमावशींच्या फ्रीजमध्ये असतं. पंचवीस तारखेला त्या आजऱ्याला भावाकडे काजूच्या कामाला जाणार, घराला दीड महिना कुलूप. मग औषध कुठे ठेवणार? गेल्या उन्हाळ्यात त्या अशाच गेल्या आणि खराब झालेलं औषध टोचून चार दिवस दवाखान्यात होता. तेव्हा उशाशी अम्मी होती. आता कोण आहे?

आणि अम्मीच्या जागेचं तुम्ही मला सांगता. बकरी ईदला शेजारीपाजारी मटण फ्रीजमध्ये ठेवायचे. आपल्याकडे अम्मी हळद-मीठ लावून तारेवर वाळत घालायची आणि दिवसभर काठी घेऊन कावळे हाकायची. दूध तीन तीनदा तापवायची. मला वाटी देऊन बर्फ मागायला पाठवायची. फ्रीजचं नाव काढलं की तुमचं एकच उत्तर, जागा नाही. ती होती तेव्हा तिच्यासाठी जागा झाली नाही. आता ती गेल्यावर झाली, तर ती जागा रिकामी नाही म्हणता.

हे लिहून मला बरं वाटलेलं नाही, पण खोडत नाही. सव्वीस तारखेला दुकानवाले पुन्हा येतील. मी नीट मोजलंय, अठ्ठावीस इंचाच्या जागेत सव्वीस इंचाचा फ्रीज बसतो. तुम्ही फक्त दार उघडा.

रुसलेली, पण तुमचीच,
शबनम


कोल्हापूर,
दि. २५ एप्रिल २०२५

चि. शबनम हिस आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. खोडलं नाहीस ते बरं केलंस.

औषधाचं काय करावं म्हणून शालूबाईंकडे गेलो आणि फ्रीजचं भांडण त्यांना सांगितलं. त्या माझी बाजू घेतील असं वाटलं होतं. त्यांनी मलाच झापलं. म्हणाल्या, "इमामभाई, तुमास्नी खरंच ठावं न्हाय व्हय? लालबीनं माझ्या फ्रीजचं माप नेलंय की."

नऊ वर्षांपूर्वी त्यांचा फ्रीज आला, तेव्हाची गोष्ट. अम्मीला टेप वाचता येत नव्हता. वाकळा शिवतानाही ती दोरीला गाठी मारून माप घ्यायची, हे तू पाहिलंयस. तशीच दोरी तिने त्यांच्या फ्रीजला लावली आणि घरी दाखवते म्हणून घेऊन गेली.

घरी येऊन शोधलं, तर तिच्या सुयांच्या डब्यात पाच-सहा दोऱ्या निघाल्या. वाकळेच्या दोरीला गाठी सारख्या अंतरावर असतात. एकीच्या तशा नव्हत्या. तिला चार गाठी, त्यातल्या शेवटच्या दोन तर बोटभर अंतरावर. त्यातली एक चुकून पडली असेल असं मला वाटलं. ती कोपऱ्यात लावून पाहिली, ओट्याशेजारी लावून पाहिली, जमेना. मग मांडणी उतरवली. तिथे रुंदी पहिल्या गाठीला बरोबर आली. खोली दुसऱ्या गाठीला आली. आणि तिथेच तो प्लग. मांडणी कुठे टांगायची म्हणून बघितलं, तर पिंपाच्या वरच्या भिंतीत दोन हूक आधीच ठोकलेले. इतकी वर्षं त्यांना चाळण आणि सूप लटकत होतं. मांडणी त्यांच्यावर बरोबर बसली.

दोरी घेऊन दुकानात गेलो. तिथल्या माणसाने पावणं, टेप देतो की, असं म्हटलं. मी नको म्हणालो. लोक बघत होते, बघू दिलं. एका दाराच्या लहान फ्रीजला तीन गाठी जुळल्या, रुंदी, खोली आणि उंची. चौथीचं काही कळेना. तेवढ्यात त्याने आतले कप्पे दाखवायला दार उघडलं. मागच्या बाजूपासून उघड्या दाराच्या टोकापर्यंत दोरी धरली, तर चौथी गाठ तिथे आली. दार उघडल्यावर ते ओट्याला अडू नये, हे तिने बघून ठेवलं होतं. तुझ्या टेपने ते बघितलं नाही. तुझा फ्रीज कोपऱ्यात बसला असता, पण त्याचं दार अर्धंच उघडलं असतं.

मला फार राग आला. एवढं मोजलं, हूक ठोकून घेतले, प्लग बसवला, मग मला विचारलं का नाही? दोन दिवस याच रागात होतो. आज सकाळी उंबऱ्यात चहा घेताना आठवलं. विचारलं होतं. मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. ती कोपऱ्यातून अहो म्हणाली. तिच्या मांडीवर दोरी होती, ती मला वाकळेची वाटली. फ्रीजचा फ ऐकला आणि मी वर न बघता म्हणालो, "जागा नाही." तिने दोरी गुंडाळली आणि मला अजून अर्धा कप चहा ओतला.

तेव्हा तुझं पत्र बरोबर आहे, माझं नाही.

फ्रीज काल बसला. तुझ्या दुकानवाल्यांना उद्या येऊ नका म्हणून मीच कळवलंय. आत औषध आहे, बाकी कप्पे मोकळे आहेत. खिडकीखाली पाट आहे तिथेच आहे.

बकरी ईदला ये. यंदा मटण वाळत घालायचं नाही.

माझ्यावर राग आहे तेवढा राहू दे, लोभही राहू दे.

तुझे,
अब्बा