छत्रीचा दांडा

नागव्वा अक्कास शुक्रवार पेठेत,
धाकट्या भावाचा, गुरूचा नमस्कार. तुझा गुडघा कसा हाय?

मी बरा हाय. कपाळाला चार टाके पडलेत, जिवाला घोर लावून घेऊ नको. स्पेनच्या ह्या किनाऱ्यावर मी पर्यटकांना छत्र्या-खुर्च्या भाड्यानं देतो की. काल एका दांडगटानं खुर्चीसाठी म्हातारीला ढकललं. मी मधी पडलो, तर त्यानं छत्रीचा दांडाच माझ्या डोक्यात घातला. मग मी त्याला वाळूत पाडून तोंड रक्तानं भरेस्तोवर मारलं. त्यानं हात वर केले, तरी थांबलो न्हाय.

त्याची पोरगी किंचाळली, "पापा!"

अक्का, आप्पा आईला मारायचे तवा तू असंच ओरडायचीस. तितंच माझा हात गळाला.

मी आप्पांवर गेलोय, हे आईला कळू देऊ नको.

तुझा,
गुरू