विहिरीच्या पाण्याचा थेंब

शुक्रवार, ९ ऑगस्ट १९७४. सायंकाळचे सात. स्टोव्हवर पाणी उकळत ठेवून लिहीत आहे.

कॉलेजात जीवशास्त्राच्या तासाला आज प्रत्येकाने घरचे पाणी न्यायचे होते. सूक्ष्मदर्शकाखाली आमच्या विहिरीच्या थेंबात काहीतरी वळवळत होते. सर म्हणाले, असल्या पाण्याने हगवण लागते.

धाकटी शकू गेल्या श्रावणात हगवणीनेच गेली. पाणी मागायची, आणि आई तांब्याने पाजायची. त्याच विहिरीचे. तो थेंब अजून डोळ्यांपुढे हलतो आहे.

आई विचारत होती, "पाणी का रं तापवायलास?"

"घसा धरलाय."

"मग अख्खी घागर?"

"तुझाबी धरंल की."

ती हसली. शकू गेल्यापासून प्रथमच. आता कसे सांगू?

खर्च: रॉकेल नव्वद पैसे, पैकी पन्नास उधार. रोज लागणार.