हवामान मीच सांगितलं होतं

रविवार, २ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण गुडघ्यांना विचारलं तर ते नको म्हणाले. तेव्हा हा उभ्या उभ्याच घे.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं वहिनीकडून कळलं. थेंब वेळेवर घाल आणि ते घालताना वहिनीवर खेकसू नकोस. मी बरी आहे. जिन्याचा कठडा रंगवून घेतला. वरचे मास्तर बदली होऊन गेले, त्यांच्या जागी ट्रम्पेट शिकणारा एक तरुण राहायला आलाय. अजून शिकतोय, एवढंच म्हणते.

वहिनीने तुझा निरोपही दिला. त्याचं उत्तर देणार आहेच, पण आधी परवाच्या मेळाव्याचं ऐकून घे. मधली पानं गाळून शेवट वाचायची तुला खोड आहे. या वेळी तसं करू नकोस.

आमच्या जुन्या स्क्वाड्रनचा मेळावा होता. हवाई दलातून निवृत्त झालेली मंडळी एका हॉलमध्ये जमली की काय होतं सांगू? सगळे ओरडून बोलतात. आयुष्यभर इंजिनांच्या घरघरीत काढलेले कान ते! अर्ध्यांच्या कानात यंत्रं, उरलेल्या अर्ध्यांना ती हवी आहेत पण कबूल करायचं नाही. रेडिओवाला भेटला. टॉवरमध्ये बसून विमानांशी बोलायचा तो. दाराशीच मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही अजिबात बदलला नाहीत." मी म्हटलं, "आणि तुमचं खोटं बोलणंही."

मग तुझ्या लंबूच्या गोष्टी निघाल्या.

तू दचकला असशील. आपल्याकडे माझ्यासमोर त्याचं नाव काढत नाहीत. मी खोलीत आले की विषय बदलतो, कुणीतरी एकदम चहा ठेवायला उठतं. जणू मी काचेची आहे. तिथे मात्र रेडिओवाल्याने बिनदिक्कत सुरुवात केली. लंबूचे गुडघे कॉकपिटमध्ये कसे कानापर्यंत यायचे, आणि "बाकीचे वैमानिक विमानात बसतात, आपला लंबू विमान अंगात घालतो" असं कोण कसं म्हणालं होतं. मी हसून हसून बेजार झाले. दादा, तो तुझा शाळेतला दोस्त. तूच त्याला आपल्या घरी आणलंस, तूच आमचं जमवलंस. त्याच्यावर तू शेवटचा हसलास कधी, आठवतंय?

मीही सांगितलं. उड्डाणाआधी हवामान सांगायला मी ब्रीफिंगच्या खोलीत उभी राहिले की सगळे वैमानिक मला चिडवायचे, "मॅडम, अंदाज चार्ट बघून सांगता की खिडकीतून बघून?" मी म्हणायचे, "खिडकीतून बघायला तुम्ही आहात. खिडकीपलीकडचं मी सांगते." तिथे लंबूही मला मॅडमच म्हणायचा. सकाळी घरी "अगं, माझा दुसरा मोजा कुठाय" म्हणून घर डोक्यावर घेणारा माणूस थोड्या वेळाने समोरच्या खुर्चीत ताठ बसून "मॅडम, ढगांची उंची?" विचारायचा. हसू दाबायला मी पट्टी घेऊन चार्टकडे वळायचे.

माझ्या शेजारी बारकी बसली होती.

हो, तुझी लेक. तिला मीच घेऊन गेले होते. पुढे वाच.

भाषणं सुरू झाली. सध्याचा प्रमुख तरुण आहे, चांगला वाटला. दिवंगत सहकाऱ्यांना आदरांजली वाहायला तो उभा राहिला आणि लंबूचं नाव आलं. दरड कोसळून डोंगरापलीकडचं गाव गाडलं गेलं होतं, तिथले जखमी आणताना विमान पडलं, हे त्याने सांगितलं. वर म्हणाला, "अनपेक्षित खराब हवामानामुळे."

दादा, हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला असं नाही. अपघाताच्या बातम्यांत तोच होता, सांत्वनाला आलेल्या साहेबांच्या तोंडीही तोच. तेव्हा मी गप्प बसले होते. परवा नाही बसवलं. मी उभी राहिले.

"सर, एक दुरुस्ती आहे."

"बोला ना, काकू."

"काकू घरी. इथे मी या स्क्वाड्रनची हवामान अधिकारी होते. त्या दिवशीचं हवामान अनपेक्षित नव्हतं. मी सांगितलं होतं. दुपारनंतर खिंड ढगांनी बंद होणार, असं मी सकाळच्या ब्रीफिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि दुसऱ्या फेरीआधी विमानातल्या मंडळींना पुन्हा सांगितलं होतं."

मागून कुणीतरी कुजबुजलं, "जाऊ द्या, बाईंना त्रास होतोय."

मी मागे वळले. "मला त्रास होत नाहीये, राग आलाय. या दोन्हींतला फरक तुम्हाला कळायला हवा."

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक माणूस उठला. वाळून काटकी झालेला, हातात काठी. मी ओळखलंच नाही. म्हणाला, "मॅडम बरोबर सांगतायत. मी त्या विमानात होतो." आणि काठीवर भार देत खाली बसला.

आमचा नॅव्हिगेटर! लंबूच्या शेजारी बसून दिशा सांगणारा. त्या काळी तो इतका जाडा होता की दारातून तिरका यायचा. अपघातानंतर तो मला एकदाही भेटला नव्हता. समोर दिसले तर रस्ता बदलायचा. का, ते मला कळलं नव्हतं, आणि खरं तर मीही मागे लागले नव्हते.

प्रमुखाने मात्र मोठेपणा दाखवला. माईकवरूनच म्हणाला, "मॅडम, 'अनपेक्षित' हा शब्द मी मागे घेतो." मग मी बसले. बारकीने माझा हात असा दाबला की अंगठी रुतली.

नॅव्हिगेटरला मी जाऊ दिलं नाही. त्याला आणि रेडिओवाल्याला जेवायला घरी आणलं. भात, बटाट्याचा रस्सा, जे होतं ते वाढलं. नॅव्हिगेटर जेवेचना, नुसता भात चिवडत बसला. बारकीच त्याला म्हणाली, "काका, तुम्ही त्या विमानात होतात, तर मग..." आणि थांबली. पोरीला वाक्य पुरं करवेना.

तेव्हा त्याने सांगितलं. मी जसंच्या तसं लिहिते.

दुसऱ्या फेरीला ते पलीकडे पोचले. माझ्या अंदाजाप्रमाणे परतीची वाट बंद होणार होती, म्हणून रात्र तिकडेच काढायची असं ठरलं होतं. हे मलाही माहीत होतं. लंबूच मला म्हणाला होता, "मॅडम, आज आम्ही तिकडे मुक्कामाला." पण तिथल्या धावपट्टीवर जखमींना ताडपत्रीखाली ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, यातले काही सकाळ बघणार नाहीत. लंबूने खिंडीकडे पाहिलं. काहीच दिसत नव्हतं. नॅव्हिगेटर म्हणाला, "सर, मॅडमनी बंद सांगितलीये." लंबू म्हणाला, "सांगितलीये म्हणजे बंदच. ती चुकत नाही. खिंडीतून जायचंच नाही, डोंगरावरून जाऊ." विमान भरलं. तरी दोघे जखमी खाली उरले. तेव्हा लंबूने नॅव्हिगेटरच्या पोटावर थाप मारली आणि म्हणाला, "तू उतर रे. तुझ्या वजनात दोघे बसतील. वाट मला पाठ आहे."

"मी उतरलो, मॅडम," तो म्हणाला. "हसत हसत उतरलो."

पुढचं तुला ठाऊक आहे. लंबू डोंगर ओलांडून अलीकडे आला होता. पंखांवर बर्फ धरला, विमान तोलेना, त्याने ते उतारावर टेकवलं. मागचे बरेचसे जखमी जिवंत बाहेर काढले. पुढचे दोघे, तो आणि इंजिनवाला, गेले.

नॅव्हिगेटर लहान मुलासारखा रडला. म्हणाला, "मी तुम्हाला तोंड कसं दाखवू?" मी म्हटलं, "हे बघा, ताटातलं संपवा. तुम्ही तुमची जागा दिलीत. त्या जागेवर बसून आलेलं माणूस कुठेतरी म्हातारं झालं असेल. मला तोंड चुकवायचं काही कारण नाही." मग तो जेवला. दोनदा भात घेतला.

आणि आता तुझ्याकडे येते.

दादा, लंबू गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी, माझ्या घरात, भरल्या बैठकीत तू मला विचारलंस, "त्या दिवशी हवामान कुणी सांगितलं होतं?" मी उत्तर दिलं नाही. आत गेले आणि आलेल्या माणसांसाठी चहा ठेवला. तेव्हापासून तू माझ्याशी वहिनीच्या तोंडून बोलतोस आणि मी तुला वहिनीच्या मार्फत उत्तर देते. तू दुःखात बोललास, दोस्त गेला होता, हे मी स्वतःला हजारदा समजावलंय. पण समजावलं म्हणजे पटलं असं नाही.

आज उत्तर देते. मीच सांगितलं होतं. बरोबर सांगितलं होतं. त्याने ते ऐकलं होतं, त्याचा त्यावर पूर्ण विश्वास होता, आणि तरीही तो गेला, कारण समोर माणसं मरत होती. मी त्याच्यावर चिडले, रात्र रात्र भांडले त्याच्याशी, त्याच्या मागे. पण मी त्याला मारलं नाही. माझ्या अंदाजानेही मारलं नाही. नंतर मी पुन्हा त्याच खोलीत, त्याच चार्टसमोर उभी राहिले, तेव्हा तू वहिनीकरवी विचारलंस, "अजून तिथेच जाते?" हो. गेले. निवृत्त होईपर्यंत नाकावर टिच्चून गेले. मी सांगितलेल्या अंदाजावर किती विमानं सुखरूप परत आली, ते मला कधी कुणी विचारलं नाही. तूही नाही.

आता तुझा निरोप. बारकीची हवाई दलात वैमानिक म्हणून निवड झाली, तू घरात आकांत केलास, ती माझ्याकडे निघून आली. "तिला समजाव आणि परत पाठव." असंच ना?

मी समजावलं. म्हणजे सगळं खरं सांगितलं. बर्फ कसा धरतो, उतारावर टेकवलेल्या विमानात पुढे बसलेल्यांचं काय होतं, आणि घरी राहिलेल्या बाईला बैठकीत काय ऐकावं लागतं, तेसुद्धा. काही झाकलं नाही. नॅव्हिगेटर गेल्यावर मी तिला विचारलं, "हे ऐकूनही?" तिने आधी ताटं उचलून ठेवली. मग म्हणाली, "आत्या, मला भीती वाटते. पण जायचंय." भीती वाटत नाही म्हणाली असती तर मीच तिला तुझ्याकडे आणून सोडलं असतं.

ती परत येणार नाही, दादा. पुढच्या सोमवारी प्रशिक्षणाला जाते. स्टेशनवर मी सोडणार आहे. एकुलती एक आहे, तुला उशिरा झालेली आहे, तुझा जीव टांगणीला लागेल, सगळं कबूल. माझाही लागेल. पण तुझ्या भीतीपायी तिला बांधून ठेवायला मी मदत करणार नाही. आणि तिला कधी काही झालं, तर त्या दिवशी कुणाकडेही बोट दाखवायचं नाही. हे आत्ताच, ती धडधाकट समोर बसलेली असताना, तुझ्याकडून कबूल करून घ्यायचंय.

अडवायला येणार असशील तर दारात मी उभी आहे, आणि गुडघे दुखत असले तरी मी हलणार नाही. तिला निरोप द्यायला येणार असशील तर रविवारीच ये, दोघे या. मागच्या बोलण्याची माफी मागू नकोस. ती ऐकायची मला सवय नाही आणि मागायची तुला. नुसता येऊन बस. लंबूबद्दल बोल.

तुझ्यावर अजून रागावलेली, आणि तरीही तुझीच,

धाकटी