दोन मनगटांवरचे आठ

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. निघताना तू वचन घेतलं होतंस की औषधं हातातल्या पिशवीत ठेवीन. ठेवली नाहीत. पिशवीत भिंग, हत्यारांची यादी आणि तू विणलेली बंडी एवढंच मावलं. औषधं गेली मोठ्या पेटीत, आणि पेटी दोन दिवस भलत्याच गावी फिरून आली. ओरडून घे. तेवढ्यासाठी पुढची ओळ मोकळी सोडतो.

झालं ओरडून? आता ऐक. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट मनोरा दिसतो. त्यावरचं घड्याळ अकरा वर्षं चार वाजून वीस मिनिटांवर अडून बसलंय. त्या जातीचं यंत्र उघडणारा माणूस इथल्या नगरपालिकेला सापडेना, तेव्हा लेकीने माझं नाव सुचवलं. दुकानाला कुलूप लावल्यावर, सदुसष्टाव्या वर्षी, कुणी मला कामासाठी परदेशी बोलावेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. असं काम या जन्मी पुन्हा मिळायचं नाही. पण मुख्याधिकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की १५ जुलैपर्यंत घड्याळ चाललं तर ठीक, नाहीतर जुनं यंत्र काढून विजेची मोटर बसवणार.

काम उंचावरचं, म्हणून इथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पास झालो.

इथली वेळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. म्हणून उजव्या मनगटावर इथलं घड्याळ बांधलंय आणि डाव्यावर घरचं. तुझी गुलाबी गोळी सकाळी आठची, ती मी तुझ्याच आठला घेतो. तेव्हा इथे साडेअकरा झालेले असतात.

कळावे. लोभ आहेच, थोडा रागही शिल्लक ठेव.

तुझा
लंबक

१२ जून

चि. लंबकास,
अनेक आशीर्वाद, आणि धपाटा घरी आल्यावर.

लहानपणी ओरडा खाताना तू जागच्या जागी डुलायचास, म्हणून बाबांनी तुला हे नाव ठेवलं. पत्र वाचताना तू तसाच डुलत असशील हे मला दिसतंय. म्हणून मोकळ्या ओळीत काही लिहीत नाही, वाया जाईल.

पास म्हणजे किती? शाळेत पस्तीस मार्कांनाही तू पासच म्हणायचास. दाबाचा वरचा आकडा किती, खालचा किती, ते लिही. दोन दिवस पोटात गोळी नसताना तपासलं म्हणजे दाब चढलेलाच असणार. चौतीस वर्षं मी दवाखान्याच्या खिडकीतून औषधं दिली आहेत. मला फसवणारे तुझ्यापेक्षा हुशार होते आणि तेही सापडले.

मी लिहून दिलेला कागद त्या बाईंना दाखवलास ना? त्यावर गोळीचं दुकानातलं नाव नाही, मूळ औषधाचं नाव आहे. देश बदलला की वेष्टन बदलतं, नाव बदलतं, गोळीचा रंगसुद्धा बदलतो. आतलं औषध तेच असतं. तो कागद कायम खिशात हवा.

मनोऱ्यावर उपाशीपोटी चढू नकोस आणि पाण्याची बाटली वर ने. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी आवाज चढवला की शेजारीण दार उघडून बघते. तेव्हा पत्रच लिही, आणि खरं लिही.

आशीर्वाद आहेतच. आकडे आले की वाढवीन.

ताई

२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाईंचं अक्षर लागत नाही, त्यामुळे आकडे राहिले. तुझा कागद मात्र फार उपयोगी पडला. माझं कामाचं टेबल एका पायावर डुगडुगत होतं. चार घड्या घालून पायाखाली सारला, आता टेबल हलत नाही.

यंत्र उघडलं! ताई, काय चीज आहे! मोठं चाक आपल्या परातीएवढं, आणि एकही दात झिजलेला नाही. मुख्य दोष वाळलेल्या तेलाचा, त्याचा पार डिंक झालाय. ठोके देणाऱ्या हातोड्याची कडी तेवढी तुटली आहे, ती नवी घडवतो. पाच-सहा दिवस नुसतं साफ करण्यात जातील.

एका गोष्टीचा मात्र संताप आला. नगरपालिकेने कागदोपत्री लिहून दिलं होतं की यंत्राला आजवर कुणी हात लावलेला नाही. मी आतला पत्रा काढला तर तीन कारागिरांच्या खुणा! आम्ही दुरुस्ती केली की झाकणाच्या आत बारीक खूण कोरतो, तशा. एकाने चुकीचा खिळा मारलाय, तो शोधण्यात माझे दोन दिवस गेले. आधी कुणाचा हात लागला हे माणसं का लपवतात? माहीत असतं तर पहिल्या तासात काम झालं असतं.

तुझी गुलाबी गोळी तुझ्या आठला चालू आहे, एकही दिवस खाडा नाही. दुपारी वर जरा डुलल्यासारखं होतं. शिडी उभी आहे आणि उकाडाही आहे, त्याचंच असेल.

लोभ ठेव, काळजी ठेवू नकोस.

तुझा
लंबक

२३ जून

ती. आत्यास,
सा. न.

बाबांनी तुला कळवू नकोस म्हणून बजावलंय, म्हणूनच लिहिते आहे.

परवा दुपारी एकच्या सुमारास बाबा शिडीच्या चौथ्या पायरीवरून पडले. मी गोदामात पार्सलं लावत होते, पहारेकऱ्याचा निरोप आला तशी तशीच धावले. कोपर सोलवटलंय, हाडं शाबूत आहेत. पण उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. डॉक्टरीणबाईंनी दाब घेतला तर फारच खाली. त्यांनी गोळी अर्धी केली, तरी दुपारी दाब पुन्हा घसरला. त्याही कोड्यात पडल्यात. हृदयाच्या आणि डोक्याच्या तपासण्या सांगितल्यात आणि तोवर शिडी बंद केली आहे. मुख्याधिकारी भले आहेत, पण त्यांनी मोटरवाल्याला माप घ्यायला बोलावलंय.

औषधात हयगय नाही गं. त्यांनी पहिल्याच दिवशी दाबासाठी पांढरी गोळी दिली होती. ती मी रोज सकाळी आठला चहाच्या बशीत ठेवते आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाही. दुसरं काही घेता का, असं बाईंनी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा नाही म्हणाले.

दिवसभर खिडकीशी बसून मनोऱ्याकडे बघतात. जेवायलाही उठवावं लागतं. काय करू, सांग.

तुझीच
भाची

३० जून

लंबका,

मायना नाही आणि आशीर्वादही नाहीत, ते शेवटी बघू.

तुझं आणि पोरीचं पत्र आज एकाच टपालाने आलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. उजव्या मनगटाच्या आठला पांढरी गोळी, डाव्या मनगटाच्या आठला गुलाबी! एकीने बशीत ठेवली म्हणून एक, दुसरीने निघताना बजावली म्हणून एक. जगात दुसऱ्या कुणाला ही चूक जमली नसती. त्यासाठी माणूस घड्याळजीच असावा लागतो.

मी लगेच पोरीला फोन केला. तुझ्या सुट्या भागांच्या डबीत बघायला सांगितलं, तर स्प्रिंगांच्या खालच्या खणात गुलाबी गोळ्या निघाल्या. मग तिला पांढऱ्या गोळीच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं एकेक करून वाचायला लावली. औषध तेच आहे, लंबका. साडेअकरापर्यंत दोन्ही पोटात, आणि एक वाजता तू खाली. टेबलाखालचा माझा कागद काढून, दोन्ही पाकिटं घेऊन पोरगी डॉक्टरीणबाईंकडे निघालीसुद्धा. कोणती बंद करायची आणि किती घ्यायची हे त्या ठरवतील. तू ठरवायचं नाहीस, आणि मीही नाही. तेव्हा हे पत्र औषधासाठी नाही, निव्वळ ओरडण्यासाठी आहे. फोनवर तुला ऐकू आलं नसतं.

का नाही म्हणालास, ते मला कळतं. आजारी आहे म्हटलं तर शिडी मिळणार नाही, ही भीती. पण आदल्या कारागिराचा हात लपवला म्हणून तूच नगरपालिकेला शिव्या घातल्यास ना? मग डॉक्टरीणबाईंपुढे तू काय केलंस? तुझ्या झाकणाच्या आत माझी खूण होती, ती तू लपवलीस. त्या बिचाऱ्या चुकीचा खिळा शोधत बसल्या.

आज मी फार घाबरले. मला भाऊ एकच आहे, आणि तो मनोऱ्याच्या पायथ्याशी पडलेला मला नको आहे. आता जा आणि त्या बाईंना सगळं खरं सांग. शिडी मिळेल तर खरं बोलूनच मिळेल.

बरं, घे आशीर्वाद. अनेक.

ताई

१६ जुलै

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. आज पूर्ण लिहितो, आखडून नाही.

घड्याळ चाललं, ताई! काल दुपारी बरोबर बाराला. पण क्रमाने सांगतो.

तुझं पत्र यायच्या आधीच मी डॉक्टरीणबाईंसमोर कान धरले होते. त्या रागावतील असं वाटलं, त्या हसल्या. मग मात्र फॉर्मवरच्या माझ्या दोन्ही 'नाही'वर बोट ठेवलं, ते जास्त लागलं. त्यांनी तुझा कागद वाचला, टेबलाच्या पायाच्या डागासकट. पांढरी बंद केली, तुझी गुलाबी ठेवली, आणि ती इथल्या आठला. मग रोज दाब बघितला, झोपवून, उभं करून, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवून. हृदय तपासलं, डोकंही तपासलं. डोक्यात काही सापडलं नाही, हे तुला आधीच माहीत होतं. ८ तारखेला सही दिली. एकशे अठ्ठावीस आणि ऐंशी. आले ना आकडे?

हाताशी सात दिवस उरले होते. वर सोबतीला माणूस, कमरेला दोर, तासाला पाणी, सगळं त्या सांगतील तसं केलं. मोटरवाला माप घेऊन गेला होता, तो १४ तारखेला पुन्हा आला आणि माझ्या शेजारी उभा राहून चाकं फिरताना बघत बसला. काल बाराला खाली चौकात माणसंच माणसं. लेक गोदामातून धावत आली, अंगात कामाचा कोट तसाच. मुख्याधिकाऱ्यांनी सगळ्यांदेखत माझा हात हातात घेतला. डॉक्टरीणबाई गर्दीत उभं राहून माझ्याकडे न बघता माझ्या पायांकडे बघत होत्या, डुलतात का म्हणून. एक इंचही डुललो नाही!

आतल्या पत्र्यावर चौथी खूण माझी कोरली. तिच्या शेजारी पाचवी कोरली, नुसतं 'ताई'. तीस-चाळीस वर्षांनी कुणी झाकण उघडेल तेव्हा त्याला कळायला हवं की या कामाला कुणाकुणाचे हात लागलेत. मी आता काही लपवत नाही.

डाव्या मनगटावरचं घड्याळ सोडलेलं नाही. त्यात आता गोळी नाही. तुझी चहाची वेळ झाली की नाही एवढंच बघतो.

एक राहिलं. घंटा वाजली तेव्हा मी तिच्या लोखंडी चौकटीवर तळवा टेकून उभा होतो. हातातून पार छातीपर्यंत आली, पण या कानांनी नीट मोजता आली नाही. लेकीने तेव्हा तुला फोन लावला होता म्हणे. ठोके किती पडले?

लोभ आहे तसाच राहू दे, आता त्याला तेलपाणी मी करीन.

तुझा
लंबक

२४ जुलै

चि. लंबकास,
हातचं न राखता आशीर्वाद.

बारा. एकेक मोठ्याने मोजला. नवव्याला डोळे भरून आले, पण मोजणं सोडलं नाही, चौतीस वर्षांची सवय आहे. त्या आवाजाने शेजारीण दार उघडून बघायला आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. मी फोन तिच्या कानाला लावला आणि सांगितलं की ते माझ्या भावाचं घड्याळ आहे.

येताना औषधं हातातल्या पिशवीत.

ताई